वाफसा आल्याशिवाय पाणी नको

बदनापूर, 14 जुलै

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

जुन्या घरून आणलेल्या मोगऱ्यानं आणि जास्वंदीनं नव्या अंगणात माना टाकल्याचं ताईकडून कळलं. दोन्ही वेळा पाणी घालूनही पानं गळतात, असं तू म्हणालीस म्हणे. अगं, दोन्ही वेळा घालतेस म्हणूनच तर!

झाड उपटताना मुळांभोवतीची मातीची हुंडी कितीही जपली, तरी पाणी ओढणारी केसासारखी बारीक मुळं जुन्या मातीतच तुटून राहतात. वरची पानं मात्र पूर्वीइतकंच पाणी उडवत बसतात. मिळकत निम्म्यावर अन् खर्च तेवढाच. म्हणून झाड पानं गाळतं. त्याला हातभार लाव. जास्वंदीचे शेंडे तिसऱ्या हिश्श्यानं छाट, मोगऱ्याच्या कळ्या खुड. जीव हळहळेल, पण यंदा देवाला फुलं बाजारातून आण. पश्चिमेच्या उन्हाला गोणपाट आडवं बांध.

तुमच्या अंगणातली माती काळी, चिकण. वरून भेगाळते, तेव्हाही वीतभर खाली चिखल असतो. त्या चिखलात हवा शिरत नाही, मुळं कुजतात. आणि कुजल्या मुळांचं झाड अगदी तहानल्यासारखंच सुकतं, म्हणून माणूस आणखी एक बादली ओततो. 2012-13च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, सरपणाला गेल्या. ते पाहिलेल्याचा हात पाणी घालताना आवरत नाही, हे मी समजू शकतो. तरी आधी दोन पेरं बोट मातीत घाल. माती चिकटली तर थांब. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण बोटाला न चिकटणारी झाली, की एकदाच पोटभर दे.

तेही बुंध्याशी नको. इथले मोसंबीवाले रंगपूर लिंबावर डोळा भरलेलं कलम लावताना जोड मातीच्या चांगला वर ठेवतात आणि दुहेरी आळं करतात. आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. खोडाशी पाणी साचलं की डिंक्या रोग आलाच म्हणून समज. तूही बुंध्याभोवती मातीची भर घालून तेवढंच कर, वर सोयाबीनचं कुटार पसर.

शेजारच्या काकू युरिया टाक म्हणतील. मान डोलाव, टाकू नकोस. तुटक्या मुळांना तो जाळतो. फांदी मेली असं वाटलं तर नखानं साल जराशी खरवड. आत हिरवं दिसलं तर उपटायचं नाही. पालवी फुटून जरा जून झाली की ओंजळभर कुजलेलं शेणखत चालेल, त्याआधी काही नको.

रविवारी येतोय. जास्वंद वाऱ्यानं हलत राहिली तर नवी मुळं धरणार नाहीत, म्हणून आधाराला बांबूच्या कामट्या आणतो. सुतळी तेवढी घरात असू दे.

तुझा,
मामा