डबीवरचा मजकूर

औषधांविषयीचा १९४० चा कायदा प्रारंभी नावाप्रमाणे केवळ औषधांपुरताच होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनांना स्थान मिळाले आणि प्रसाधन म्हणजे काय, याची व्याख्याही करण्यात आली. कायद्याच्या पुस्तकांत रसाळ व्याख्या फारशा आढळत नाहीत. ही त्यांपैकी एक होय. मानवी शरीरावर चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची, फवारावयाची वा अन्य रीतीने लावावयाची, आणि शुद्धी, शोभा, आकर्षकता वा रूपपालट हा जिचा हेतू आहे, अशी कोणतीही वस्तू म्हणजे प्रसाधन. एवढ्या क्रियापदांच्या गर्दीत बरे करणे, रोग हटविणे किंवा तारुण्य परत आणणे यांपैकी एकही क्रियापद नाही. किमतीचा तर उल्लेखच नाही. शंभर रुपयांची डबी आणि दहा हजारांची कुपी या कायद्याच्या लेखी सख्ख्या बहिणी आहेत.

ही व्याख्या आम्ही बऱ्याच वर्षांनी पुन्हा उघडली, ती आमच्या भाचीमुळे. ती पणजीस एका कचेरीत नोकरी करते आणि येत्या वैशाखात तिचे लग्न आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात वरपक्षाकडील एक वृद्ध बाई, अगदी सहज म्हणावे तसे, म्हणाल्या होत्या, "मुलगी नीटस आहे हो, फक्त रंगाने जरा दबलेली." लग्न ठरले, याद्या झाल्या, सर्व यथासांग पार पडले, परंतु ते वाक्य पोरीच्या मनातून गेले नाही. एके दिवशी तिने दोन डब्या आणून आमच्या मेजावर ठेवल्या. एकीची किंमत तिच्या पगाराच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी होती, दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानातली. "मामा, तुम्ही जन्मभर दस्तऐवज वाचता ना? मग हे दोन वाचून सांगा, घेऊ कोणती?"

पक्षकाराने कागद पुढे केला म्हणजे आम्हांला तो वाचल्यावाचून राहवत नाही. आम्ही भिंग घेऊन बसलो. भिंगाची थट्टा करू नये. वेष्टनावरील अक्षरे ज्या बारकाईने छापतात, ती पाहिली म्हणजे जुन्या सावकारी खतांतील अटी आठवतात.

या मजकुराला एक नियम आहे व तो प्रत्येक गृहिणीस ठाऊक असणे बरे. २०२० च्या प्रसाधन-नियमांप्रमाणे ज्या घटकांचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असेल ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा आहे. आता फिनॉक्सिएथेनॉल नावाचे एक परिरक्षक पुष्कळ क्रीमांत असते; माल नासू नये म्हणून ते घालतात, आणि त्याची मर्यादाच एक टक्का आहे. म्हणजे यादीत हे नाव शेताच्या बांधावरील हद्दीच्या दगडासारखे उभे असते. त्याच्या पलीकडे जे जे लिहिलेले असेल, ते एक टक्का किंवा त्याहून कमी. भाचीच्या महागड्या डबीच्या दर्शनी बाजूस सोनेरी अक्षरांत केशराचे नाव होते, चित्रही होते. मागच्या यादीत मात्र केशर त्या दगडाच्या बरेच पलीकडे बसलेले आढळले. अलीकडे पाणी, ग्लिसरीन आणि तेले. दुसऱ्या डबीतही अलीकडे पाणी, ग्लिसरीन आणि तेलेच होती.

ही एकट्या त्या डबीची गोष्ट नव्हे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे बायर्सडॉर्फ नावाची जुनी कंपनी आहे. तिने १९११ साली निव्हिया हे पांढरे क्रीम बाजारात आणले. पाणी आणि तेल यांना एकत्र बांधून ठेवणारा लोकरीच्या चरबीतील एक पदार्थ तेव्हा नुकताच हाती आला होता, म्हणून ते शक्य झाले. ती निळी पत्र्याची डबी आजही दोनशे रुपयांच्या आत मिळते. आता अमेरिकेतील ला मेर हे विख्यात क्रीम पाहा. त्याच्या साठ मिलिलिटरला साडेतीनशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. त्याची कथा मोठी मनोवेधक आहे: मॅक्स ह्यूबर नावाचे एक अंतरिक्षशास्त्रज्ञ, समुद्रशेवाळ, त्याचे आंबवणे, आणि १९९५ साली एस्टी लॉडर कंपनीने केलेली खरेदी. परंतु यादी वाचली तर शेवाळाच्या अर्काबरोबर खनिज तेल, पेट्रोलेटम, ग्लिसरीन, सूक्ष्मस्फटिकी मेण आणि लॅनोलिन अल्कोहोल ही नावे भेटतात. यांतील खनिज तेल, ग्लिसरीन, मेण आणि लॅनोलिन अल्कोहोल निळ्या डबीतही आहेत. दोन्ही क्रीमे एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. यादी नावे सांगते, प्रमाण सांगत नाही, आणि शेवाळ तर एकीतच आहे. आमचे म्हणणे इतकेच की त्वचेतील ओलावा कोंडून धरण्याचे जे मुख्य काम, ते करणारे मजूर दोन्ही घरी बहुतांशी तेच आहेत. अधिक गमतीची गोष्ट अशी की निळी डबी विकणाऱ्या त्याच बायर्सडॉर्फच्या मालकीची ला प्रेरी ही अतिमहाग स्वित्झर्लंडची पेढीही आहे. एकच यजमान एका दारी पेज वाढतो आणि दुसऱ्या दारी पंचपक्वान्न, आणि दोन्ही पंगती तृप्त होऊन उठतात.

नाव पालटले की भाव पालटतो, हे आम्हां वकिलांना तरी नवे नाही. १९५२ साली केशव विष्णू पेंढारकर यांनी स्थापिलेल्या विको कंपनीचे हळदीचे क्रीम हे आयुर्वेदीय औषध की प्रसाधन, हा वाद अबकारी खात्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. निकाल कंपनीसारखा लागला. वादाचे मूळ हळदीत नव्हते, करात होते. आमच्या किनाऱ्याला अधिक जवळचा खटला खोबरेलाचा. लहान बाटलीत भरलेले शुद्ध खोबरेल हे खाण्याचे तेल की केसांचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला, आणि अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की केवळ बाटली लहान म्हणून खोबरेल हे केशतेल ठरत नाही. निकालपत्र वाचताना आम्हांला आमची आजी आठवली. एकाच बरणीतले तेल ती सकाळी फोडणीला, दुपारी नातवंडांच्या डोक्याला आणि रात्री आपल्या भेगाळलेल्या टाचांना लावीत असे. तिच्या घरी हा वाद उद्भवण्याचे कारण नव्हते. (मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल लावू नये, ते रंध्रे बुजवते. आजीचे सर्वच बरोबर होते असे नाही.)

मग अधिक पैशात अधिक असे काहीच मिळत नाही काय? मिळते. सुगंध मिळतो, बोटांना जाणवणारा मऊपणा मिळतो, जड काचेची देखणी कुपी मिळते. क जीवनसत्त्वासारखे काही घटक हवा-उजेड लागताच बिघडतात. ते टिकवून धरण्यास खर्चाची घडण आणि बंद वेष्टन लागते, आणि तेथे थोडा अधिक दाम न्याय्य आहे. ज्याला ती कुपी आरशापुढे ठेवून आनंद होतो, त्याच्या आनंदावर आमची हरकत नाही. लोक अत्तरावरही पैसे खर्चतात, आणि अत्तर कोणाला तरुण करत नाही. हरकत आहे ती आनंदाच्या भावाने आशा विकण्यावर. अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तूंची परीक्षा करणारे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे नियतकालिक आहे. त्याने २००७ च्या सुमारास सुरकुत्यांवरील क्रीमांची तुलना केली, तेव्हा किंमत आणि परिणाम यांचा काही संबंधच आढळला नाही. तिनशेहून अधिक डॉलरांचे सर्वांत महाग क्रीम सर्वांत निष्प्रभ नमुन्यांत निघाले. आणि जी सरस ठरली त्यांनीही सुरकुतीची खोली सरासरीने दहा टक्क्यांहून कमीच उणावली, म्हणजे साध्या डोळ्यांस जेमतेम दिसेल इतकी.

त्वचा अकाली जून होऊ नये यासाठी लावण्याच्या पदार्थांपैकी ज्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, तो ऊन अडविणारा लेप, म्हणजे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातील नंबोर या गावी १९९२ पासून साडेचार वर्षे ५५ वर्षांखालील ९०३ माणसांवर हा प्रयोग झाला. काहींना तो रोज लावावयास सांगितले, इतरांना आपापल्या मर्जीवर सोडले. रोज लावणाऱ्यांची त्वचा दुसऱ्यांहून २४ टक्के कमी जून झालेली दिसली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ती माणसे बहुतेक गोरी होती आणि आमच्या सावळेपणात निसर्गाने थोडी छत्री आधीच घालून ठेवली आहे, हे खरे. तथापि गोव्याच्या उन्हाने येणारे डाग आमच्याही गालांवर दिसतात. येथे किमतीचा एक विचित्र न्याय आहे. हा लेप भरपूर लावला तरच कामाचा. नुसत्या चेहऱ्याला एका वेळी एक ग्रॅमहून थोडा अधिक लागतो. दिवसातून दोनदा लावला तर पन्नास ग्रॅमची नळी महिनाभरही पुरत नाही. महागडी नळी घेणारा मनुष्य ती तुपासारखी जपून लावतो आणि उन्हाला वाट मोकळी ठेवतो. स्वस्त नळी सढळ हाताने लावणारा त्याच्याहून सुरक्षित राहतो. म्हणजे येथे महाग वस्तू केवळ व्यर्थ नव्हे, तर आपल्या महागपणानेच उणी ठरते.

भाचीस आम्ही हे सर्व सांगितले. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातली डबी आणि एक मध्यम किमतीची सनस्क्रीन घेतली. रंगाविषयीचे ते वाक्य मात्र कोणत्याही डबीने पुसले जाणार नव्हते, आणि ते पुसण्याचे काम डबीचे नव्हेही. १९७५ साली निघालेल्या एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावात गोरेपणाचा शब्द पंचेचाळीस वर्षे होता; २०२० मध्ये कंपनीने तो काढून टाकला. आमच्या दिवाणखान्यांतून तो अद्याप गेलेला नाही. आम्ही वरपक्षाच्या त्या बाईंना काही बोललो नाही. लग्न मोडावे अशी कोणाची इच्छा नव्हती. परंतु मुलाला एकट्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, "मला तिचा रंग आवडतो म्हणून तर मी होकार दिला." हे त्याने तिला सांगितले होते काय? नव्हते. त्या संध्याकाळी त्याने तिला फोन केला.

येथवर वाचून कोणी असे समजेल की आम्ही स्वस्ताईचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी सतरा वर्षांची. तिने एका जत्रेतल्या फेरीवाल्याकडून रात्री लावण्याचे गोरेपणाचे क्रीम घेतले. डबी साठ रुपयांची. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळला, म्हणून तिने आणखी तीन डब्या घेतल्या. चौथ्या महिन्यात लावणे थांबविताच गाल लालबुंद झाले, आग होऊ लागली, पुटकुळ्या आल्या, ओठांच्या वर लव दिसू लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले की डबीत स्टेरॉइड असले पाहिजे. त्वचेवर लावण्याची स्टेरॉइडयुक्त औषधे २०१८ च्या मार्चपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. परंतु फेरीवाल्याच्या टोपलीत चिठ्ठी कोण मागणार? याहूनही भयंकर वस्तू अशा डब्यांत असते. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरे करणारी क्रीमे वापरीत होते. दोष पाऱ्याचा होता. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून गोरेपणा येतो, आणि मग तो रक्तावाटे मूत्रपिंडात उतरतो.

ही डबी स्वस्त होती म्हणून वाईट नव्हती. कोपऱ्यावरची डबीही स्वस्तच होती. फरक होता तो मजकुराचा. कोपऱ्यावरच्या डबीवर निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, वजन, किंमत, तारीख सर्व होते. ज्याच्यावर दावा लावता येईल असा कोणीतरी मनुष्य त्या कागदामागे उभा होता. जत्रेतल्या डबीवर एका गोऱ्या बाईचे चित्र आणि परदेशी वाटेल असे एक नाव, एवढेच. चुकून कंपनी खोटे बोललीच तर आम्ही तिला न्यायालयात खेचू शकतो. निनावी डबी खोटे बोलत नाही, कारण ती काही बोलतच नाही.

बाई आमच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "वकीलबाब, चेडवाचें तोंड बरें जातलें मू?" डॉक्टरांच्या मते होईल, सहा महिने वा वर्ष लागेल, आणि त्या काळात उन्हापासून जपावे लागेल. सनस्क्रीन कोणती घ्यावी असे त्यांनी विचारले, तेव्हा भाचीने घेतली तीच आम्ही लिहून दिली आणि ती भरपूर लावण्यास सांगितले. तक्रारीचा अर्जही आम्ही लिहून ठेवला आहे. पावती नाही. फेरीवाला पुढच्या जत्रेत दिसला नाही. उरलेली अर्धी डबी पाकिटात घालून, वर तारीख आणि सही करून, आम्ही कचेरीच्या कपाटात ठेवली आहे. ती तपासणीस पाठवावयाची आहे. अर्जात विरुद्ध पक्षाच्या नावाची जागा तेवढी अद्याप कोरी आहे.