उतरणीची बारी

संक्रांत उलटली की तेलीबांध्याच्या तलावावरची थंडी सैल पडते. पहाटे काठावर फिरायला येणाऱ्यांचे स्वेटर कमरेला गुंडाळलेले दिसतात आणि आठ वाजले की पाण्यावरचा उजेड डोळ्यांना टोचू लागतो. या काठाला आता सगळे रायपूर मरीन ड्राईव्ह म्हणते. २०१६ साली उभारलेला ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ, संध्याकाळचे दिवे, खाण्याच्या गाड्या, जी. ई. रोडची रात्रंदिवस वाहती रहदारी, एवढ्यात पाहुण्याचा तेलीबांधा पाहून होतो. मुख्य रस्ता सोडून जुन्या वस्तीच्या गल्लीत शिरले, तर मात्र अजून काही घरांच्या मागे बारी शिल्लक आहे. बारी म्हणजे आपले परसू. छत्तीसगडी घराला ती लागतेच. पुढे अंगण आणि तुळस, मागे बारी, बारीच्या कडेला घुरुवा, म्हणजे उकिरड्याचा खड्डा, आणि भिंतीला टेकून कोंबड्यांचे खुराडे.

माघातली बारी दिसायला देखणी नसते. कार्तिकात पेरलेली मेथी निबर होऊन फुलावर आलेली असते. कोथिंबिरीला पांढऱ्या छत्र्या लागतात, मुळ्याला डिंगऱ्या धरतात, लाल भाजीचे तुरे कमरेएवढे वाढून कलंडतात. टोमॅटोची झाडे खालून पिवळी पडत शेंड्याकडची शेवटची फळे कशीबशी सांभाळतात. वाटाण्याच्या पानांवर भुरी, वालाच्या शेंड्यांवर काळा मावा. नेमकी याच दिवसांत बाजारात भाजीची रेलचेल असते. दुर्ग-धमधा भागातला टोमॅटो इतका उतरतो की भाव कोसळला तर शेतकऱ्याची तोडणीची मजुरीही सुटत नाही. मग घरी कशाला राबायचे, असे म्हणून बहुतेकजण एखाद्या रविवारी सगळे उपटतात, वाफे झाडून लख्ख करतात आणि जूनपर्यंत बारीकडे पाठ फिरवतात.

मला ते मुळीच पटत नाही. कार्तिक-मार्गशीर्षातला बारीचा भर ताटात जातो. पुढच्या वर्षाची तजवीज मात्र माघ-फाल्गुनातली उतरण करते. बी तेव्हाच मिळते, सुकवण तेव्हाच पडते, माती तेव्हाच पोसली जाते.

माझ्या भिंतीला लागून ज्यांची बारी आहे त्या दाई (छत्तीसगडीत दाई म्हणजे आई) मला ‘नोनी’, म्हणजे मुली, म्हणतात. त्यांच्यासमोर मी विळा घेऊन वाफ्यात उतरले की भिंतीपलीकडून आवाज ठरलेला, “सब्बो ला झन उखान, नोनी.” सगळे उपटू नकोस, एवढेच. मग त्या स्वतःच बोटाने दाखवतात. हा वालाचा वेल ठेव, याच्या शेंगा लांब आहेत. ते वांगे तोडू नकोस, पिवळे होऊन मऊ पडू दे. निवड त्यांच्या डोळ्यांत असते. सर्वांत आधी फुललेले झाड त्या बीसाठी धरत नाहीत. जे झाड उशिरापर्यंत पाला देत राहिले, ज्याला फुटायची घाई नव्हती, त्याचे बी त्या राखतात. पालेभाजीसाठी ही निवड अगदी शास्त्राला धरून आहे, कारण लवकर तुऱ्यावर येणाऱ्या झाडाची संततीही लवकर तुऱ्यावर येते आणि खायला पाला कमी मिळतो.

लाल भाजीचे बी काढताना पाहण्यासारखे असते. वाळका तुरा सुपात धरून तळहातांनी चोळायचा. आधी गुलाबी-तपकिरी कोंडा सुटतो, तो बोटांच्या पेरांना बारीक बोचतो आणि हाताला फिकट रंग लागतो. मग सूप किंचित तिरके धरून मनगटाने हलके झटके द्यायचे. कोंडा पुढच्या कडेकडे सरकत जातो, बी मागे कोपऱ्यात गोळा होते, खसखशीएवढे, काळेभोर, चकचकीत. सुपाचा आवाज ऐकला की कोंबड्या धावत येतात आणि पायाशी घोटाळतात. उडालेल्या कोंड्यात थोडे बी जातेच, ते त्यांचे. एका तुऱ्याचे बी चार घरांना पुरून उरते. उरलेले दाई राखेत कालवून डब्यात बंद करतात.

सगळ्याच भाज्यांचे बी असे घरी राखता येत नाही, हे नव्याने बाग करणाऱ्याने समजून घ्यावे. वाल, वाटाणा, टोमॅटो यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून त्यांचे वाण घरच्या घरी बरेचसे शुद्ध राहते. भोपळा, दोडका, काकडी यांच्यावर मधमाश्यांची ये-जा असते. शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असला की पुढच्या वर्षी काय लागेल याचा भरवसा नाही. पाकिटातले संकरित बी लावले असेल, तर त्याच्या फळातले बी आईबापाचे गुण जसेच्या तसे देत नाही. टोमॅटोचे बी गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावे, भोवतीचे बुळबुळीत आवरण सुटले की धुवून सावलीत वाळवावे. फळ पूर्ण पिकून मऊ झालेले हवे. असे फळ उतरणीच्याच झाडावर मिळते.

तेलीबांध्यावरून जी. ई. रोडने पुढे गेले की लाभांडीच्या बाजूला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय लागते. त्याची स्थापना १९८७ ची, पण त्याच्या भाताच्या वाणसंग्रहाची गोष्ट त्याहून जुनी आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरला गावोगावचे देशी भात गोळा करण्याचे प्रचंड काम केले. आज त्या संग्रहात २० हजारांहून अधिक नमुने आहेत. एवढे वैविध्य प्रयोगशाळेत जन्मलेले नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले, तिथून ते उचलले गेले. दाईंचा राखेचा डबा मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

खाण्याच्या बाजूनेही या दिवसांत बारी रिकामी नसते. इथे ३६ भाज्यांचे कौतुक आहे, आणि भाजी म्हणजे पालाच. अमारी, चेच, पोई, चरोटा, करमत्ता, खेड़हा, मुनगा, कुसुम. विदर्भातून आलेल्या मराठी घरांना यातल्या कितीतरी ओळखीच्या. अंबाडी, टाकळा, शेवगा, करडई आपणही खातोच. रायपूरची जुनी मराठी वस्ती तात्यापारा, बुढापाऱ्याची. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. भोसल्यांच्या अमलापासून नागपूरशी नाते, आणि १९५६ पर्यंत तर राजधानीही नागपूरच. त्यामुळे दोन्हीकडच्या चुली एकमेकींना अनोळखी राहिल्या नाहीत. विदर्भातली लाखोळी ती इथली तिवरा. भात कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात तिचे बी फेकतात आणि जमिनीतल्या उरल्या ओलीवर ती वाढते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही. तिचे कोवळे शेंडे खुडून ताजे खातात आणि उरलेले उन्हात कडक वाळवून ठेवतात, तो सुकसा. मे महिन्यात, बारीत हिरवे पान औषधालाही नसते तेव्हा, टोमॅटो-लसणाबरोबर शिजवलेला सुकसा आणि गरम भात यांवर जेवण होते. कोहळ्याचा कीस उडदाच्या वाटणात घालून केलेली रखिया बडीही अशीच थंडीत वाळवून ठेवायची.

आता कोंबड्या. माझ्याकडे त्या थोड्याच आहेत, काही गावरान आणि काही वनराजा. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेली रंगीत पिसांची जात. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, वनराजा त्याहून बरीच जास्त. पिंजऱ्यातली लेअर ३०० च्या वर जाते, पण तिला आयुष्यात पाय मातीला लावायला मिळत नाही. भाताचा मुलूख असल्यामुळे कनकी, म्हणजे तांदळाची कणी, आणि कोंढा, म्हणजे तांदळाचा कोंडा, इथे सहज मिळतो. कोंढ्यात तेल असते, तो लवकर खवट होतो, म्हणून थोडा थोडा आणावा. बाकी पोषण त्या बारीतून उकरून घेतात.

थंडीत कोंबड्या अंडी कमी करतात आणि पुष्कळ लोक त्याचा दोष थंडीला देतात. खरे कारण उजेडाचे आहे. कोंबडीच्या मेंदूला दिवसाची लांबी कळते आणि त्यावर तिच्या अंडी देण्याची चक्रे फिरतात. रायपूर २१ अंश अक्षांशावर, डिसेंबरात इथला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास येतो. त्याच सुमाराला जुन्या कोंबड्यांची पिसे झडतात, मान उघडी पडते, तुरा फिका आणि आक्रसलेला दिसतो. खाल्लेले सगळे नव्या पिसांना जाते. माघात दिवस वाढू लागतो, तुरा पुन्हा लाल होतो, आणि एखाद्या सकाळी खुराड्यातून तो ओळखीचा कलकलाट येतो. म्हणजे बारी उतरणीला लागते तेव्हाच कोंबडी चढणीला लागते. परसातल्या या दोन जिवांची गाठ वर्षातून याच महिन्यांत सर्वांत चांगली पडते, आणि ती घालून देणे माणसाच्या हातात आहे.

एरवी कोंबडी आणि वाफा यांचे वैर. रोपे कोवळी असताना कोंबडी आत शिरली की तासाभरात सगळे उकरून टाकते. पण माघात बीसाठी ठेवलेल्या झाडांना जुन्या जाळीचे कुंपण केले आणि बाकी वाफे एकेक करून त्यांना उघडे केले, की त्यांच्याइतके चोख काम कुणी करत नाही. घाटेअळी कोषात जाते ती मातीत. फळमाशीचे कोषही वेलाखालच्या मातीतच असतात. हुमणी तर मुळाशीच बसलेली. फवारणी तिथपर्यंत पोचत नाही, कोंबडीचे नख पोचते. एक पाय, दुसरा पाय, मग मागे सरकून मान वाकडी करून निरखायचे, आणि टिपायचे. निबर मेथी, किडकी कोबीची पाने, फुटके टोमॅटो सगळे फस्त होते. ऊन चढले की त्या चुलीच्या राखेत खड्डा करून लोळतात, राख पिसांच्या मुळापर्यंत उडवून घेतात. त्यामुळे उवा-पिसवांना आळा बसतो.

इथली माती हे सगळे मागतेच. छत्तीसगडी शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो, भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. काळी कन्हार पाणी धरते. भाटा मुरमाड आणि लालसर, तिच्यात पाणी ठरत नाही. माझ्या परसात मुरूम आणि बांधकामाचा राडा यांच्यावर जे काही उगवते, ते खताच्या जिवावर. खुराड्यात भाताचे तूस अंथरायचे, ते ओले-घाण झाले की काढून घुरुव्यात पाल्यापाचोळ्याबरोबर टाकायचे. कोंबडीची ताजी विष्ठा फार उष्ण, ती थेट मुळाशी घातली तर रोप करपते, आणि पालेभाजी कच्ची खाणाऱ्याच्या पोटालाही ती धोक्याची. माघात भरलेला खड्डा मृगापर्यंत काळाभोर, वास न येणारा होतो. नेमका लागतो तेव्हा तयार.

धोके आहेत. मुंगूस आणि मांजर रात्री फट शोधतात, म्हणून खुराड्याला बारीक जाळी आणि पक्की कडी हवी. रानीखेत, आपल्याकडची मानमोडी, आली की खुराडे रिकामे करते. तिच्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती वेळेवर टोचून घ्यावीच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. साथीत पक्षी मारण्याचा तो नियम परसातल्या चार कोंबड्यांनाही लागू आहे. अचानक एकामागून एक पक्षी मरू लागले तर पशुवैद्यकीय खात्याला कळवावे, आणि मेलेला पक्षी घुरुव्यात कधीही टाकू नये. खोल खड्डा आणि चुना. उन्हाळ्यात वेगळी काळजी. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. नवतप्यात पारा ४५ कडे सरकतो तेव्हा खुराड्यावर ओले गोणपाट आणि मातीच्या भांड्यात सावलीतले पाणी लागते.

राज्यात ‘नरवा, गरुवा, घुरुवा, बारी’ अशी सरकारी योजना २०१९ च्या सुमारास सुरू झाली. ओढा, गुरे, खत आणि परसबाग, या चार गोष्टी खेड्याचा कणा आहेत हे ओळखून केलेली. ती गावांसाठी होती. शहरातली बारी मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. तेलीबांध्यावरून धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वे गेली, तिच्या वाटेवर एक्सप्रेसवे झाला, जमिनीचे भाव चढले, आणि घर नव्याने बांधताना सर्वांत आधी बारीवर फरशी येते. वाहन ठेवायला जागा हवी, हे मला कळते. पण तीन मजले वर चढवताना मागे चार हात माती उघडी ठेवणे कुणालाही अशक्य नसते.

तेवढी माती ज्यांच्याकडे अजून आहे, मग ते रायपुरात असोत की नागपूर-सांगलीत, त्यांनी या माघात सगळे उपटू नये. वालाचा एक वेल, लाल भाजीचे दोन-चार तुरे, एक पिकलेले वांगे बीसाठी राहू द्यावे. कोंबड्या असतील तर उरलेले वाफे त्यांच्या हवाली करावेत. पाण्याची सोय असेल तर त्या उकरलेल्या मातीत मार्चच्या आधी भेंडी, चवळी आणि दोडका टोचून घ्यावा. लाल भाजीचे बी दाईंकडे आणि माझ्याकडे यंदाही उरणार आहे. तेलीबांध्याला आलात तर मागून घ्या.