छत दिसू लागतं तेव्हा

सिनेमातल्या उकाड्याची मला जुनी ओढ आहे. बर्फ पडद्यावर पडला की काम झालं, तो दिसतोच. उकाडा दिसत नाही. तो माणसांच्या अंगावरून दाखवावा लागतो. काखेतला ओला डाग, मानेवरून फिरवलेला रुमाल, खिडक्या सताड उघडूनही न आलेली झुळूक. सिडनी लुमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या 1957 सालच्या चित्रपटात न्यूयॉर्कमधले बारा ज्युरर एका खोलीत बसतात. खुनाचा आरोप असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला विजेच्या खुर्चीवर बसवून मारायचं की सोडायचं, हे त्यांना एकमतानं ठरवायचं आहे. बाहेर पाऊस दाटलेला, आत पंखा बंद. तास-दीड तास आपणही त्या खोलीत घामाघूम होतो.

हा घाम कुठून येतो, त्याचा हिशेब लुमेटनं आधीच मांडून ठेवला होता. पहिल्या तृतीयांशात कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर, मधल्या भागात नजरेच्या पातळीला आणि शेवटी नजरेच्या खाली. कॅमेरा खाली उतरला की छत दिसू लागतं आणि खोली डोक्यावर येते. भिंती तशाच उभ्या. पण लेन्स क्रमाक्रमानं लांब पल्ल्याची होत गेल्यामुळे मागची भिंत माणसाच्या पाठीला चिकटल्यासारखी वाटते. आपल्याला यातलं काही कळत नाही. फक्त कॉलरचं बटण काढावंसं वाटतं. निकाल लागतो, माणसं न्यायालयाच्या पायऱ्या उतरतात, आणि त्या शेवटच्या दृश्याला लुमेट सगळ्यात रुंद कोनाची लेन्स लावतो. तेव्हा कुठे श्वास मोकळा होतो.

मला मात्र यातला चार नंबरचा ज्युरर लेन्सपेक्षा जास्त प्रिय आहे. शेअर दलाल, इस्त्रीचा कोट, चष्मा. तुम्हाला घाम येतच नाही का, असं शेजारचा विचारतो, तर हा थंडपणे ‘नाही’ म्हणतो. पुढे आणखी एक ज्युरर, म्हणजे हेन्री फोंडा, त्याला विचारू लागतो: काल रात्री काय केलंत, परवा, त्याच्या आदल्या दिवशी? सिनेमा पाहिला. कुठला? नाव जरा चुकतं. नट कोण होते? आठवत नाही. आरोपी पोरालाही त्या रात्री पाहिलेल्या सिनेमाचं नाव आठवलं नव्हतं, आणि तोच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरला होता. चार नंबर हळूच रुमाल काढतो आणि कपाळ टिपतो. संगीत नाही, कुणी त्यावर बोलत नाही. एवढ्या एका घामाच्या थेंबासाठी लुमेटनं त्या माणसाला इतका वेळ कोरडा ठेवला होता.

पैसा बेताचा होता, सुमारे 3 लाख 40 हजार डॉलर. चित्रीकरण जेमतेम तीन आठवड्यांचं. दिवे हलवायला वेळ लागतो, म्हणून एका बाजूची प्रकाशयोजना झाली की त्या बाजूची चित्रपटभरातली सगळी दृश्यं एकदम उरकायची. म्हणजे एकानं आज टोमणा मारायचा आणि दुसऱ्यानं त्याला काही दिवसांनी चिडून उत्तर द्यायचं. राग कितपत चढला होता हे लक्षात कसं राहणार? तर तालमीतून. आधी दोन आठवडे तालीम, मग कॅमेरा, हा लुमेटचा पुढेही शिरस्ता. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी खोल्या आखायच्या आणि त्यात नटांना वावरायला लावायचं. हॉलिवूडला याचं नवल वाटायचं. आपल्याकडे, जिथे शाळेच्या रिकाम्या वर्गातल्या खुर्च्या बाजूला सारून नाटकं उभी राहतात, तिथे कुणाला वाटणार नाही.

लुमेटचं बाळपणच विंगेत गेलं होतं. 1924 साली फिलाडेल्फियात जन्म. आईवडील दोघंही यिडिश रंगभूमीवरचे नट. पोरगा लहानपणीच न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभा राहिला, 1935 मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘डेड एंड’मध्ये होता. महायुद्धात रडार दुरुस्त करणारा जवान म्हणून भारतात आणि ब्रह्मदेशात राहिला, म्हणजे उकाडा त्याला ऐकून ठाऊक नव्हता. मग सीबीएस वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची नाटकं. तिथे चुकलं तर पुन्हा नाही. कॅमेरा कुठे जाणार हे आधीच पक्कं लागतं. ‘यू आर देअर’ ही त्याची मालिका लिहिणारे काही जण मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात काळ्या यादीत गेलेले होते. ते दुसऱ्यांच्या नावानं लिहीत आणि तो ते दिग्दर्शित करी.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आपल्याकडे आला तो बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’तून, 1986 मध्ये. गंमत अशी की तोवर आपल्या फौजदारी न्यायालयांतून ज्युरी हद्दपार झाली होती. मुंबईत 1959 साली नानावटी खून खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ निकाल दिला, तो न्यायाधीशांना पटला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. लुमेटच्या खोलीत एकटा उरलेला माणूस बाकीच्यांना वळवतो. मुंबईच्या त्या नवव्या ज्युररच्या नशिबी ते नव्हतं. तरीही ‘फैसला’त पंकज कपूर टेबलावर हात आपटतो तेव्हा, आपल्याकडे ज्युरी नसते बुवा, असं कुणाच्या मनातही येत नाही.

अँड्र्यू सॅरिस या बड्या समीक्षकानं 1968 च्या आपल्या पुस्तकात लुमेटला ‘ओढूनताणून गंभीर’ अशा रकान्यात टाकलं. दिग्दर्शकाची सही प्रत्येक चौकटीत दिसली पाहिजे, असं मानणारी ती मंडळी. लुमेट प्रत्येक चित्रपटाला त्याचाच पोशाख चढवायचा. ‘नेटवर्क’ची सुरुवात साध्या उजेडात होते आणि शेवटाला तो जाहिरातीसारखा चकचकीत होतो, ‘द व्हर्डिक्ट’मध्ये सगळे जुने, पानगळीचे रंग. आता चाळीसेक चित्रपट म्हटल्यावर काही पडणारच, आणि ‘द विझ’ तर भरपूर खर्च करून पडला. पण सॅरिसचा रकाना मला पटत नाही. कारागिराचा हात न दिसणं हा दोष कधीपासून झाला?

‘डॉग डे आफ्टरनून’ (1975) घ्या. ब्रुकलिनच्या बँकेत ओलीस धरून बसलेला अल पचिनो आधी प्रियकराशी आणि मग बायकोशी फोनवर बोलतो. प्रियकराच्या शस्त्रक्रियेसाठीच तो दरोडा घालायला निघालेला. लुमेटला हे दोन्ही फोन सलग, न थांबता हवे होते. फिल्मचा हजार फुटी रोल अकरा मिनिटांत संपतो आणि प्रसंग त्याहून लांब. म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा लावला, पहिला संपत आला की तो सुरू. पचिनोनं जीव ओतून टेक दिला. तो पुरता रिकामा झालेला असताना लुमेट म्हणाला, लगेच पुन्हा. पचिनोनं वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. पडद्यावर आहे तो हा दुसरा टेक. त्या माणसात आता चिडायचंही त्राण उरलेलं नाही, जीभ जड झाली आहे, शब्द सापडत नाहीत. हा थकवा अभिनयाचा नाही. त्यासाठी आधी दमणं भाग होतं आणि ती तजवीज लुमेटनं दोन कॅमेऱ्यांनी केली होती. जरा निर्दय वाटतं, नाही?

लुमेटला दिग्दर्शनासाठी ऑस्करचं नामांकन चारदा मिळालं, बाहुली एकदाही नाही. 2005 मध्ये अकादमीनं मानद ऑस्कर देऊन टाकलं. असं ऑस्कर सहसा निरोपाचा नारळ असतो. लुमेटनं मात्र 2007 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ‘बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड’ काढला, तोही फिल्म सोडून डिजिटल कॅमेऱ्यावर. मूळ पटकथेत दोन मित्र दरोडा घालायचे. त्यानं त्यांना सख्खे भाऊ केलं आणि दुकान त्यांच्याच आईबापांचं. एका फटक्यात गुन्हेकथेची घरची गोष्ट झाली. बाप म्हणून घेतला अल्बर्ट फिनी. 1974 मध्ये लुमेटच्याच ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये फिनीनं गुप्तहेर प्वारो होऊन डबाभर माणसांनी केलेला खून पोटात घातला होता. इथे तो पोटच्या पोरालाही सोडत नाही.