लंडन: दार फुकट, वाट महाग

बुधवार, रात्र.

ब्रिटिश म्युझियम: शून्य. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट: शून्य. टॉवर ऑफ लंडन: तीस पौंडांच्या वर, कोहिनूर तिथे आहे. पाय: कामातून गेले. रांगा आणि पाऊस यांची नोंद यापुढे बंद, रोजचे झाले.

या हिशेबातली शून्ये मात्र तपासण्यासारखी आहेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमची दालने डिसेंबर 2001 पासून सर्वांना विनामूल्य आहेत. लंडनकराची त्यात खरी चैन आहे: जेवणाच्या सुट्टीत यावे, एकच दालन पाहावे, परत कामाला जावे. पण हेच शून्य जगभरच्या वस्तू इथेच ठेवण्याच्या समर्थनार्थही पुढे केले जाते. इथे त्या साऱ्या जगाला फुकट पाहता येतात, म्हणे. साऱ्या जगाला? आंध्रातल्या गुंटूरच्या माणसाला आपल्याच भागातल्या अमरावती स्तूपाचे शिल्पपट इथे पाहायचे तर नुसते व्हिसाचे शुल्कच शंभर पौंडांहून जास्त. विमान वेगळे, आणि नकाराची धाकधूक वेगळी. 1759 मध्ये ब्रिटिश म्युझियम उघडले तेव्हाही पैसे पडत नव्हते, पण आधी लेखी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे. अर्ज अजूनही आहे, फक्त खिडकी बदलली.

यावर म्हणतील, इथे आणले म्हणून तर शिल्पे वाचली. हे निम्मे खरे. अमरावतीचे संगमरवरासारखे दगड चुन्यासाठी भाजले जात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच स्तूपाचे कितीतरी शिल्पपट चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत, आणि तेही टिकले आहेत. म्हणजे ते वाचले ते उचलून संग्रहालयात ठेवल्यामुळे. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती. दुसरा आक्षेप कायद्याचा. 1963 च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमला संग्रहातली वस्तू सहसा देऊन टाकता येत नाही. ठीक, पण उसनी देता येते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवलीच ना? अफजलखानाच्या भेटीतली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. तरीही ती साताऱ्यात मांडली गेली आणि साताऱ्याच्या माणसाला ती बघायला व्हिसा लागला नाही.

मालकीचा वाद या एका उदाहरणाने सुटत नाही. उसने देणारा मालकपण सोडत नसतो. पण ‘साऱ्या जगासाठी’ हा दावा तपासायची रीत त्यातून मिळते. दाराशी तिकीट नाही, एवढ्याने तो सिद्ध होत नाही. वस्तू किती वेळा आणि किती काळ बाहेर जातात, हे मोजावे.

उद्या ग्रीनिच. बोट महाग, रेल्वेने.