सईच्या बारावीचे विषय

सॅन होजे, ८ फेब्रुवारी

प्रिय सई,


पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म या महिन्यात द्यायचा आहे आणि बाबाची यादी बघून छातीत धडधडतंय, असं तू लिहिलंस. ती यादी मंदारने मलाही पाठवली होती. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, कम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश लिटरेचर. सहाच्या सहा एपी! त्याच्याशी मी बोलेनच, पण वर्गात तू बसणार आहेस, म्हणून आधी तुला लिहिते.

बाबाची भीती कुठून येते ते समजून घे. तो पुण्यात बारावीला होता तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश पीसीएमच्या गुणांवर व्हायचा. एखाददुसऱ्या गुणाने शाखा हुकायची, कॉलेज हुकायचं. बारावी म्हटलं की त्याच्या पोटात अजून गोळा येतो. इथे मात्र सगळा क्रमच वेगळा आहे. तू नोव्हेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज करशील, तेव्हा तुझ्या ट्रान्सक्रिप्टवर अकरावीपर्यंतचेच पक्के ग्रेड असतील. बारावीच्या रकान्यात मुख्यतः विषयांची नावं. एपीच्या परीक्षा मे महिन्यात आणि त्यांचे निकाल जुलैत, म्हणजे कॉलेज ठरून गेल्यावर. बारावीतल्या एपीला पाचपैकी पाच मिळाले तरी प्रवेशाच्या वेळी ते कुणाला दिसणारच नाहीत. पुढे कॉलेजात त्यांचं क्रेडिट मिळू शकतं, तेही त्या कॉलेजचा नियम असेल तसं.

मग बघतात काय? तुझ्यापुढे काय काय होतं आणि त्यातून तू काय उचललंस, हे बघतात. तुझी काउन्सेलर अर्जासोबत शाळेची माहिती पाठवते, शाळेत कोणते अवघड कोर्स आहेत तेही त्यात असतं. याच शाळेतल्या इतर मुलांच्या मानाने तुझे विषय किती कठीण होते, हेही तिला विचारलेलं असतं. म्हणजे तुलना तुझ्याच शाळेतल्या मुलांशी होते. बाबाच्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा दुसऱ्या गावात दहा एपी करतो, त्याचा इथे काही संबंध नाही.

आता बाबाच्या यादीबद्दल. त्यात इतिहासच नाही! न्यू जर्सीत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं शिकल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नाही. तू एडिसनला दहावीत आलीस, ते वर्ष जगाच्या इतिहासात गेलं, यंदा अमेरिकेचा पहिला भाग चालू आहे, त्यामुळे दुसरा भाग बारावीत घ्यावाच लागणार. तुमच्या शाळेत तो एपी म्हणूनही घेता येतो, असं तूच सांगितलंस. मग तसाच घे. तुला वाचायला आवडतं, मुद्दा धरून लिहायला आवडतं. एक एपी तर तिथेच झाला. पीई दरवर्षी लागतंच, त्याचा तासही धरून चाल.

फिजिक्स तू इथे अजून एकदाही शिकलेली नाहीस. फिजिक्स सी कॅल्क्युलसवर चालतं, आणि तू कॅल्क्युलस त्याच वर्षी सुरू करणार. अशी उडी मारण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही. साधं ऑनर्स फिजिक्स घे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स ही तिन्ही झालेली असणं जास्त मोलाचं आहे. एपी केमिस्ट्री मात्र सोडू नकोस. दिवाळीला फोनवर तू टायट्रेशनबद्दल इतकं भरभरून बोललीस की मला मध्ये शब्दही घालता आला नाही. या मुलीला कशाची ओढ आहे, ते अर्ज वाचणाऱ्यालाही तुझ्या विषयांवरून कळू दे.

कॅल्क्युलस एबी की बीसी, यावर इतकं भांडण नको. एबीत कॉलेजच्या साधारण एका सत्राचा भाग असतो, बीसीत वर्षभराचा. प्रीकॅल्क्युलसमध्ये तुला बी प्लस आहे, म्हणून मी एबी म्हणेन. गणित चालू राहिलं पाहिजे, एवढं माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

आणि फ्रेंच. तू ते सोडायचं म्हणतेस, तिथे माझा ठाम विरोध आहे. पुण्यात आठवीपासून शिकलीस, म्हणून इथे थेट दुसऱ्या पातळीवर बसवलं, यंदा तिसरी चालू आहे. हार्वर्डसारखी ठिकाणं एकाच परकीय भाषेची चार वर्षं सुचवतात. पण ते राहू दे. आता कुठे तू गोष्टी वाचायला लागलीस, इतकी वर्षं फक्त क्रियापदं घोकलीस, आणि आता सोडायचं?

इंग्रजीचं चौथं वर्षही लागतंच, ते ऑनर्स घे. कम्प्युटर आणि स्टॅटिस्टिक्स कॉलेजात कुठेही शिकता येतील. सप्टेंबर ते डिसेंबर तुझ्या डोक्यावर निबंधांचं ओझं असेल. प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न, वेगळ्या तारखा. त्याच काळातले पहिल्या सत्राचे ग्रेड काउन्सेलर मिड-इयर रिपोर्टमध्ये पाठवते, वर्षाअखेर अंतिम रिपोर्टही जातो. प्रवेश मिळाल्यावर ग्रेड फारच घसरले, तर कॉलेज तो काढूनही घेऊ शकतं. सहा एपी घेऊन ऑक्टोबरमध्ये दोन सोडण्यापेक्षा तीन नीट झालेले बरे. अर्ज गेल्यावर विषय सोडला तर ते कॉलेजला कळवावंही लागतं.

तुझ्या आतेभावाच्या वेळी इथे उलटाच प्रकार बघितला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जीपीएत दहावी-अकरावीचेच ग्रेड धरतात. ते कळल्याबरोबर त्याच्या वर्गातल्या काहींनी बारावीत गणितच सोडलं. पण बारावीत काय घेतलंय याचा विचार तिथेही होतोच. तेव्हा कुणी तुला ‘बारावी मोजत नाहीत, मजा कर’ म्हणालं, तरी ऐकू नकोस.

केमिस्ट्रीच्या सरांना या आठवड्यात भेट. एपी झेपेल का हे त्यांना स्पष्ट विचार, आणि शिफारसपत्राचंही आत्ताच बोलून ठेव. अकरावीच्या शिक्षकांची पत्रं लागतात आणि चांगल्या शिक्षकांकडे रांग असते. मग काउन्सेलरकडे जा, इतिहासाची सक्ती तिच्याकडून लेखी घे. बाबाला तो कागद दाखवलास की निम्मं काम होईल. उरलेलं मी बघते. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा तूही घरी थांब.

तुझी,
आत्या