पहिल्या धारेची, उजेडात

भोपाळला श्यामला हिल्सवरचं आदिवासी संग्रहालय पाहून बाहेर पडलो, तोवर मोठ्या तलावावर दिवे लागले होते. पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात जेवायला बसलो. मेन्यूकार्डावर व्हिस्की-रमच्या पंगतीत एक अनोळखी नाव होतं: मोंड.

"ये क्या है, भैया?"

"महुआ, साहब. अलीराजपूर की."

मी बघतच राहिलो. मी डहाणूकडचा. आमच्याकडे मोहाची यायची ती रात्री, प्लास्टिकच्या कॅनमधून, धाडीच्या धास्तीने. इंग्रजांनी 1892 साली कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरसुद्धा निर्बंध घातले होते. वाळवलेली फुलं म्हणजे रानातल्या घराचं टंचाईतलं अन्न, त्यांच्यावर पहारा! आणि इथे तीच दारू लेबल लावून सरकारी टेबलावर. मध्य प्रदेशाने तिला 'हेरिटेज मद्य' म्हटलं आणि गाळायचा हक्क आदिवासी बचतगटांना दिला.

पेला आला. पाण्यासारखी नितळ. नाकाशी नेली आणि चैत्रातली पहाट समोर उभी राहिली: झाडाखाली पडलेली फिकट पिवळी, गरदार फुलं, टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका. जिभेवर आधी गोडसर ऊब, मग वाळल्या मनुकांची चव, बराच वेळ रेंगाळणारी. कॅनमधल्या दारूला येणारा करपट वास नावालाही नव्हता.

व्हिस्कीसाठी जवाला मोड आणून साखर तयार करावी लागते, मग पिंपात वर्षानुवर्षं मुरवावं लागतं. मोहाचं फूल झाडावरूनच गोड उतरतं. ते पडतं मात्र वर्षातून काही आठवडेच. मर्यादित उत्पादन म्हणतात ते इथे झाडच ठरवतं.

आमच्या डहाणूच्याच एका डिस्टिलरीने 1922 सालची जुनी मोहाची दारू 2024 मध्ये बाजारात आणली: बाटल्या फक्त 102, किंमत एकेकीची 1,02,000 रुपये. तेव्हा तो आकडा मला वेडेपणा वाटला होता. भोपाळात पहिला घोट घेतल्यावर वाटला नाही. मला फक्त एवढंच हवंय की अशा बाटलीवर फुलं वेचणाऱ्या पाड्याचंही नाव असावं.

वेटर झाबुआकडचा निघाला. "होली के बाद पूरा घर जंगल में रहता है, साहब," तो म्हणाला. मी दुसरा पेला मागवला, पाणी न घालता.