वर्गणीची विहारे

वैशाखात मानखुर्दला दिवसभर पत्रे तापतात आणि देवनारच्या कचराभूमीचा वास घरात शिरून बसतो. संध्याकाळी मात्र वाशी पुलाच्या अंगाने खारट, ओलसर वारा सुटतो आणि गल्लीभर बांधलेल्या पंचशील पताका एकदम फडफडायला लागतात. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली असते. विहाराच्या दाराशी शिडी, रंगाचे डबे, दिव्यांच्या माळांचा गुंता. महिला मंडळाच्या बायका पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत असतात. कोणी शंभर देते, कोणी पाचशे, कोणी खिरीसाठी तांदूळ. चेंबूरची घरकामे उरकून आलेली एखादी ताई मोबाइलच्या कव्हरमागे घडी करून ठेवलेली नोट काढते आणि पावतीवर आपल्या आईचे नाव लिहायला सांगते.

या सणातले मला सगळ्यात जवळचे काय असेल, तर ही वर्गणी. आमचे विहार आधी पत्र्याचे होते, मग विटांचे झाले, मग कधीतरी लादी बसली. पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या टाकीवर, उंबऱ्याजवळच्या संगमरवरी पाटीवर नावे आहेत. कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ, मुलांकडून, सुनांकडून, नातवंडांकडून. लहानपणी वंदना चालू असताना मी ही नावे वाचत बसायचे. पाली गाथांचा अर्थ तेव्हा कळत नव्हता, नावे कळत होती. त्यातले कोणी नाक्यावर उभे राहून रोजगार मिळवणारे होते, कोणी पालिकेत झाडू मारणारे, कोणी कचरा वेचून लेकरे शिकवणारी माउली, हे मागाहून समजले.

कान्हेरीची लेणी मी पहिल्यांदा पाहिली तीही विहाराच्या धम्मसहलीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून आत सहा-सात किलोमीटर जंगल आहे. वैशाखात ते बरेचसे उघडे पडलेले असते, पायाखाली वाळकी पाने करकरतात, करवंदीच्या जाळ्या काळ्या झालेल्या असतात, आणि मधेच एखादा बहावा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. वर काळ्या बेसाल्टची टेकडी. तिला प्राकृत लेखांत कण्हसेल म्हटले आहे, कृष्णगिरी हे त्याचे संस्कृत रूप. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे माणसे तिथे कोरत राहिली, शंभराहून अधिक लेणी झाली. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन बाजूंना वीस-बावीस फुटांचे दोन बुद्ध उभे आहेत. आमच्याबरोबरच्या आज्यांनी बाहेरच चपला काढल्या होत्या. आत चैत्यगृहात स्तूपासमोर त्यांनी त्रिसरण सुरू केले, तेव्हा तो आवाज छताच्या कमानीला लागून असा भरून परत आला की मागचे अनोळखी लोकही गप्प उभे राहिले.

त्या दिवशी आमच्याबरोबर आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हा मुलांना लेखांपुढे उभे केले. ब्राह्मी अक्षरे आम्हाला काठ्याकाठ्यांची वाटली. ते सांगत गेले. हा कल्याणचा सोनार, याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिली. हा कल्याणचाच लोहार. हे सोपाऱ्याचे, हे नाशिकचे, हे चौलचे. ही भिक्खुणी. एका लेखात मंगलठाण नावाच्या गावातले शेत संघाला दिल्याची नोंद आहे. तेच आजचे मागाठाणे, जिथे आता मेट्रोचे स्थानक आहे. दान कायम टिकावे म्हणून अक्षयनीवी ठेवायची, म्हणजे मुद्दल तसेच राहू द्यायचे आणि येणाऱ्या उत्पन्नातून भिक्खूंची चीवरे आणि पादत्राणे पुरवायची. मी ऐकत होते आणि मला आमच्या विहाराचा पंखा दिसत होता. इतिहासाच्या पुस्तकात कान्हेरीपाशी सातवाहन राजांची नावे येतात, ती यावीतच. पण डोंगराच्या अंगावर सोनाराचेही नाव आहे, लोहाराचेही आहे, आणि माझ्या मते कान्हेरीचे खरे वैभव त्या ओळींत आहे. मूर्ती भंगल्या, लाकडी कमानी कुजून गेल्या. पाण्याच्या पोढ्या मात्र पावसाळ्यात अजून भरतात.

बुद्धपौर्णिमेच्याच रात्री महाराष्ट्रातल्या जंगलांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजदाद करायची वनखात्याची जुनी रीत आहे. चांदणे लख्ख असते, ओढे आटलेले असतात, त्यामुळे जनावरे उरल्यासुरल्या पाण्यावर येतातच. बुद्धाच्या जन्माची, बोधीची आणि महापरिनिर्वाणाची ही तिथी, आणि त्याच रात्री माणसे झाडावर निमूट बसून बिबट्या पाणी पिताना पाहतात. मला यात काही योगायोग वाटत नाही असे म्हणण्याचा मोह होतो, पण चंद्राच्या उजेडाची ती साधी सोय आहे.

चंद्र मात्र खरोखरच सगळ्यांचा एक आहे. आमच्या विहारातली मूर्ती थायलंडच्या घडणीची आहे, सोनेरी, अंगाने सडसडीत, मस्तकावर ज्योतीसारखे टोक असलेली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या पुष्कळ विहारांत अशा मूर्ती आल्या. तिच्याकडे बघता बघता मी त्या देशाबद्दल वाचू लागले. तिथेही वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी लोक फूल, उदबत्ती आणि मेणबत्ती हातात घेऊन मंदिराला तीन प्रदक्षिणा घालतात. माघ पौर्णिमा पाळतात, आषाढ पौर्णिमा पाळतात. एप्रिलच्या मध्यावर त्यांचे नवे वर्ष, सोंगक्रान, तेव्हा बुद्धमूर्तींवर सुगंधी पाणी ओततात. आम्ही त्याच दिवसांत, १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीत रात्र जागवलेली असते. आणि बहावा हे त्यांचे राष्ट्रीय फूल. कान्हेरीच्या वाटेवरचा तो पिवळा झुपका तिथल्या रस्त्यांवरही याच उन्हात झुलत असतो हे कळल्यापासून ते झाड दिसले की मी थांबते.

ईशान्य थायलंडमध्ये उबोन राचाथानी नावाचा प्रांत आहे. वर्षावास सुरू होताना तिथे मेणाच्या प्रचंड मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. वस्त्यावस्त्यांनी मिळून कोरलेली मेणशिल्पे असतात, रथावर चढवून गावभर फिरवतात. मुळात ते भिक्खूंना पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वाचायला उजेड मिळावा म्हणून केलेले दान. आमच्याकडे वर्षावासात मिरवणूक नसते. गुडघाभर पाणी साचलेल्या गल्लीतून साडीचा घोळ वर धरून बायका विहारात येतात आणि बौद्धाचार्य ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुढे वाचू लागतात. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाचा पत्र्यावर इतका आवाज होतो की वाचणाऱ्याला थांबावे लागते. तो थांबतो, बायका थांबतात, सर कमी झाली की पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा किती जणींनी तो ग्रंथ असा कानांनी वाचून पुरा केला आहे! उबोनची मेणशिल्पे मला बघायची आहेत, जरूर बघायची आहेत. पण या पावसातल्या वाचनालाही उत्सव म्हणायला हवे.

आमचा बुद्धपौर्णिमेचा सण फार जुना आणि फार नवा आहे. २४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरात धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. ६ डिसेंबरला ते गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या समुदायाला दीक्षा दिली, त्या गर्दीत माझी आजी होती. रडत रडत पंचशील म्हटले, एवढेच ती सांगायची. त्याच जागी आज चैत्यभूमीचा स्तूप आहे. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभरावर भिक्खू बुद्धांच्या अस्थी घेऊन परभणीहून पायी निघाले आणि चैत्यभूमीला पोचले. वाटेवरच्या गावांनी रस्त्यावर फुले अंथरली, पांढऱ्या कपड्यांतली माणसे उन्हात हात जोडून उभी राहिली. जिथे कधी कुणी आपला विचार केला असेल असे वाटत नव्हते, त्या देशातली माणसे आपल्या बापाच्या समाधीला चालत आली, ही भावना ज्याने अनुभवली नाही त्याला समजावून सांगणे मला जमणार नाही.

गोराईचा पॅगोडाही लोक दाखवायला नेतात. २००९ साली तो खुला झाला. यांगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला, आत एकही खांब नसलेला घुमट, एका वेळी आठ हजार माणसे ध्यानाला बसतील एवढा. शिखराला खरे सोने आहे आणि बाकीच्या अंगाला थायलंडहून आणलेला सोनेरी रंग. होडीतून खाडी ओलांडताना तो पाण्यावर उगवून आल्यागत दिसतो. तिथली शांतता मला आवडते, तरी माझे पाय कान्हेरीकडेच अधिक वळतात.

आणि आमच्या मानखुर्दला निसर्ग नाही असे कोणी म्हटले तर मी त्याला लोकलच्या दारात उभे करीन. मानखुर्द सोडून गाडी पुलावर चढली की दोन्ही हातांना तिवरांचे हिरवे दाट रान लागते आणि ओहोटी असेल तर चिखलावर गुलाबी रेघ दिसते. रोहित पक्षी. हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मे महिन्याच्या अखेरीस बहुतेक निघून जातात. २०१५ मध्ये ठाणे खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण तिवरांत भराव पडायचे थांबलेले नाही. प्राणिमात्रांची हिंसा करणार नाही हे पहिले शील आम्ही रोज म्हणतो. त्यात खाडीतला हा चिखल, त्यातले खेकडे आणि त्यावर उतरणारे पक्षी येतात असे मी विहारात बोलले, तेव्हा वस्तीतल्या मुलांनी पुढच्या रविवारी खाडीकाठचे प्लास्टिक उचलायला सुरुवात केली.

यंदाच्या वैशाख पौर्णिमेला सकाळी लवकर कान्हेरी करा. मोठे बुद्ध पाहून झाले की पाण्याच्या पोढ्यांजवळचे लेख शोधा आणि त्या सोनाराला, लोहाराला वंदन करा. संध्याकाळी हार्बरने मानखुर्दला या. कुणालाही विचारा, विहार दाखवतील. वंदना सातला सुरू होते, खीर सगळ्यांना मिळते, आणि वर्गणीचे पुस्तक दाराशीच असते.